इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ आहेत, पण लिहिताना शब्द हाताशी येत नाहीत

शब्दवेडी (सोमवार, सकाळी ९.४०)

नमस्कार. मी सांगलीची. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि गेली एकोणीस वर्षे यंत्रांचे सुटे भाग निर्यात करणाऱ्या एका कंपनीत पत्रव्यवहार सांभाळते. माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. तिच्यात डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये आडवी रेघ आणि उजवीकडे मराठी अर्थ असे आजवर साधारण चौदाशे शब्द उतरवून झाले आहेत. वाचताना त्यांतले बहुतेक ओळखू येतात, पण लिहायला बसले की तेच तीन-चारशे शब्द फिरून फिरून पुढे येतात आणि वहीतला एखादा नवा शब्द धाडसाने वापरला, तर तो हमखास चुकतो.

गेल्या आठवड्यात मात्र नव्या नव्हे, अगदी जुन्या शब्दाने दगा दिला. एका जर्मन ग्राहकाच्या आराखड्याबद्दल मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या, म्हणून मी लिहिले, 'आय हॅव सम डाउट्स अबाउट युअर ड्रॉइंग.' त्यावर चार ओळींचे ताठर उत्तर आले. आराखडा दोन अभियंत्यांनी तपासलेला आहे, तुमचा विश्वास नसेल तर तिसऱ्याकडून तपासून घ्यावा, असा त्याचा आशय होता. मी वही उघडून पाहिली, तर तिथे सरळ लिहिले होते, 'डाउट – शंका'. आता मला सांगा, वर्गात हात वर करून आपण जी विचारतो ती शंकाच ना? मग चूक कुठे झाली? अर्थ पाठ करण्याची पद्धतच चुकीची आहे, की माझी वही?

सातारी_तडका (सोमवार, सकाळी ९.५८)

मराठीत 'शंका' या शब्दाला 'लघु' जोडले की आणखी एक अर्थ निघतो. तो त्या आराखड्यावर गेला नाही, हे आपले नशीब समजावे.

लेखनिक (सोमवार, सकाळी ११.१५)

शब्दवेडीताई, वही चुकलेली नाही. वहीतली ती आडवी रेघ चुकलेली आहे. त्या रेघेचा आपण गणितातल्या बरोबरच्या चिन्हासारखा अर्थ घेतो आणि डावी बाजू उजवीच्या जागी कुठेही बसवता येईल असे धरून चालतो. मी बावीस वर्षे भाषांतर करून पोट भरतो आहे आणि अशी शंभर टक्के बरोबरी मला फार थोड्या शब्दांत आढळली आहे.

'कडक' हा शब्द घ्या. चहा कडक असतो, ऊन कडक असते, शिस्त कडक असते आणि तव्यावर जास्त वेळ राहिलेली भाकरीही कडक असते. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग' होतो, ऊन 'स्कॉर्चिंग' होते, शिस्त 'स्ट्रिक्ट' होते आणि भाकरी बिचारी 'हार्ड' होते. आता वहीत 'स्ट्रिक्ट – कडक' एवढेच लिहून ठेवणाऱ्याने हॉटेलात 'स्ट्रिक्ट टी' मागितला, तर दोष कोणाचा? 'लागणे' या क्रियापदाची गत तर याहून बिकट आहे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, आग लागते, दार लागते. इंग्रजीत या प्रत्येकासाठी निराळी मांडणी करावी लागते. (या वाक्याच्या शेवटीही तेच क्रियापद आले, ते मुद्दाम आणलेले नाही.)

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. मराठीत संकट ओढवते. यश कधी ओढवत नाही. गोंधळ माजतो, शांतता माजत नाही. हे आपल्याला कोणी शिकवले नाही आणि एकभाषिक कोशातही ते फारसे स्पष्ट लिहिलेले नसते, तरी 'त्याच्यावर बढती ओढवली' असे कोणी म्हटले की आपण हसतो. इंग्रजीतल्या 'कॉज' या क्रियापदाची वृत्ती बरीचशी आपल्या 'ओढवणे'सारखी आहे. त्याच्यामागून नुकसान, उशीर, त्रास, मृत्यू अशीच मंडळी येतात. 'कॉज – कारणीभूत होणे' एवढेच पाठ केलेल्या माणसाने वरिष्ठांच्या निरोप समारंभात 'यू कॉज्ड अवर सक्सेस' असे लिहिले, तर व्याकरण शुद्ध असूनही ते कानाला खटकते.

जे. आर. फर्थ नावाचे एक इंग्रज भाषावैज्ञानिक होऊन गेले. ते १९२८ पर्यंत लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाची ओळख तो कोणाच्या संगतीत वावरतो त्यावरून पटते, अशा अर्थाचे त्यांचे १९५७ सालचे विधान या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधण्याची म्हण त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ती शब्दांना लावून पाहायचे मात्र कोणाला सुचले नाही.

अभ्यासू_बोका (सोमवार, दुपारी १.०५)

लेखनिक यांचे म्हणणे सुंदर आहे, पण ते पोट भरलेल्या माणसाचे म्हणणे आहे. मी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो. मुख्य परीक्षेत ३०० गुणांची इंग्रजीची सक्तीची प्रश्नपत्रिका असते. तिचे गुण अंतिम क्रमवारीत धरले जात नाहीत, पण तिच्यात उत्तीर्ण झाले नाही तर बाकीच्या उत्तरपत्रिका तपासल्याच जात नाहीत. ग्रामीण भागातून आलेल्या माझ्यासारख्याला आधी शब्दांचा साठा हवा असतो. त्यांची संगत वगैरे नंतर पाहता येईल.

आणि साठ्याचे गणित पुरेसे स्पष्ट आहे. पॉल नेशन या न्यूझीलंडमधील अभ्यासकाने दाखवून दिले आहे की सर्वांत जास्त वापरातली २,००० शब्दकुळे आली की सामान्य मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द ओळखीचे होतात. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून साधलेली रूपे. पण वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोशाविना वाचायची, तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुळे लागतात. प्रत्येक शब्दाची सोयरीक तपासत बसलो, तर माझे परीक्षेचे वय उलटून जाईल.

लेखनिक (सोमवार, दुपारी १.४०)

बोकेसाहेब, आकडे बरोबर आहेत, पण ते वाचनाचे आहेत. शब्दवेडीताईंची अडचण लिहिण्याची आहे. ओळखीचा माणूस आणि घरचा माणूस यांत जेवढा फरक आहे, तेवढाच वाचताना कळणाऱ्या आणि लिहिताना सुचणाऱ्या शब्दांत आहे. आपल्याला नऊ हजार माणसे तोंडओळखीची असू शकतील, पण अडीअडचणीला हाक मारायला दोन-तीनशेच लागतात. तुम्ही साठा वाढवा, त्याला माझा विरोध नाही. फक्त पहिल्या दोन हजार शब्दांशी तरी घरोबा करा, कारण सगळा घोळ त्यांच्यातच होतो. 'डाउट' हा शब्दही त्या दोन हजारांतलाच आहे.

बे_एरिया_बंडू (सोमवार, रात्री ९.२०)

इथे कॅलिफोर्नियात येऊन मला चौदा वर्षे झाली. कोणत्याही अवघड शब्दाने मला अडचणीत आणले नाही. आणले ते माहीत असलेल्या शब्दांनी. पहिल्याच वर्षी एका बैठकीत मी उत्साहाने म्हणालो, 'वुई हॅव अ स्कीम टू रिड्यूस कॉस्ट्स.' समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले. आपल्याकडे सरकारी योजनेलाही स्कीम म्हणतात आणि दिवाळीत साडीवर साडी मोफत मिळते तीही स्कीमच असते. अमेरिकी कानाला मात्र त्या शब्दात कारस्थानाचा वास येतो.

घर शोधताना तर कमालच झाली. पुण्यात आम्ही लहानपणापासून राहत्या घराला 'ब्लॉक' म्हणत आलो, त्यामुळे एका सहकाऱ्याला मी सांगितले की माझ्या वडिलांचे कोथरूडला दोन ब्लॉक आहेत. इथे ब्लॉक म्हणजे चारी बाजूंनी रस्ते असलेला शहराचा आख्खा तुकडा. पुढचे वर्षभर तो गृहस्थ माझ्याशी फार आदराने वागत होता आणि मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

याशिवाय ब्रिटिश आणि अमेरिकी लोकांतही आपसांत एकवाक्यता नाही. एखादा प्रस्ताव 'टेबल' करणे म्हणजे इंग्लंडमध्ये तो चर्चेला घेणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. एकाच बैठकीत दोन्ही देशांचे लोक असले की मी तो शब्दच टाळतो.

मडगावकर (सोमवार, रात्री १०.४५)

हे सगळे वाचताना माझ्या मनात निराळाच विचार आला. 'स्कीम' किंवा 'ब्लॉक' यांना चुका का म्हणायचे? परक्या मुलखात गेलेला शब्द थोडा बदलणारच. मराठीतला 'पगार' हा पोर्तुगीज शब्द आहे. पोर्तुगीजमध्ये ते 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. आपण त्याचे नाम केले आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्याची वाट पाहू लागलो. लिस्बनचा कोणी माणूस येऊन 'तुमचा पगार चुकला' असे म्हणाला, तर आपण ऐकून घेऊ का?

'प्रीपोन' या शब्दावर आपल्याच शिक्षकांनी वर्षानुवर्षे लाल शाई ओतली. पोस्टपोनच्या उलट क्रियेला एका शब्दात काय म्हणायचे, हा प्रश्न भारतीय माणसाने सोडवला आणि आता ऑक्सफर्डच्या कोशानेही त्या शब्दाला जागा दिली आहे. माझ्या मते तो भारतीयांनी इंग्रजीवर केलेला उपकार आहे.

बे_एरिया_बंडू (सोमवार, रात्री ११.१०)

तत्त्वतः मान्य आहे, पण 'प्रीपोन' कोशात आहे हे मी इथल्या माझ्या साहेबाला सांगायला गेलो, तर ती बैठक तोवर होऊन गेलेली असेल. ऐकणारा कोण आहे ते पाहूनच शब्द निवडावा लागतो.

निवृत्त_गुरुजी (मंगळवार, सकाळी ६.३०)

मी अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवले. माझ्या नोकरीचा बहुतेक काळ मुलांना पाचवीत आल्यावर इंग्रजी सुरू होई. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, त्यानंतरच्या मुलांचे उच्चार सुधारले, असे माझे निरीक्षण आहे. शब्दसंपत्तीचे दुखणे मात्र जिथल्या तिथे राहिले, कारण शब्दार्थ फळ्यावर लिहून देण्याची आमची सवय तीच राहिली. त्या दोषात मीही वाटेकरी आहे.

पण एक गोष्ट मी वेगळी करीत असे. वर्गात ज्यांना संस्कृत असे, त्यांना मी हा श्लोक आठवायला सांगे:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥

उपसर्ग धातूच्या अर्थाला जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेतो, हे एकच 'हृ' धातू घेऊन किती छान दाखवले आहे. इंग्रजीतल्या लॅटिन शब्दांचेही असेच आहे. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. त्याच्यापुढे 'इन' आला की तपासणी होते, 'रेट्रो' आला की मागे वळून पाहणे होते, 'प्रो' आला की पुढची संभाव्यता होते आणि 'स' आला की खालून वर पाहणे, म्हणजे संशय होतो. एका धातूवर सात-आठ शब्द एका तासात होत आणि मुलांच्या ते लक्षात राहत. शिवाय काही शब्द तर आपल्या घरचेच नातेवाईक आहेत. विधवा आणि 'विडो', नख आणि 'नेल', स्वेद आणि 'स्वेट', ज्ञा आणि 'नो' ही सख्ख्या-चुलत भावंडांची घराणी सांगितली की मुलांची परकेपणाची भीती निम्मी होई.

'मंगूस' तर इंग्रजीने आपल्याच मुंगसावरून उचलला आहे. 'गूस'चे अनेकवचन 'गीज' होते म्हणून एका मुलाने परीक्षेत 'मंगीज' लिहिले होते. मी त्याला अर्धा गुण दिला, कारण विचार केल्याशिवाय अशी चूक करता येत नाही.

वसुलीवाला (मंगळवार, सकाळी १०.२५)

गुरुजी, तुमच्याबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो की फोड करून अर्थ लावण्याच्या सवयीने मला अनेकदा खड्ड्यात घातले आहे. 'इन' लागला की नकार, हे शिकलो आणि 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल असे समजून बसलो. 'इनफ्लेमेबल' लिहिलेला टँकर पेट घेणार नाही, या समजुतीने कोणी त्याच्याशेजारी बिडी ओढली, तर संस्कृत श्लोक कामाला येणार नाही.

मी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. आमच्याकडे 'आउटस्टँडिंग' म्हणजे थकबाकी. वार्षिक अहवालाच्या इंग्रजी मसुद्यात एका उत्साही सहकाऱ्याने 'वुई थँक ऑल अवर आउटस्टँडिंग कस्टमर्स' असे वाक्य घातले होते. अध्यक्षांना ते फार आवडले. मला मात्र डोळ्यांपुढे थकबाकीदारांची यादी दिसू लागली आणि त्यांचे आभार कशाबद्दल मानायचे, हे कळेना.

'सँक्शन' या शब्दाने तर मला कित्येक वर्षे फसवले. आमच्याकडे कर्ज सँक्शन होते, म्हणजे मंजूर होते. वर्तमानपत्रात एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लादल्याचे वाचले की त्या देशाला मोठे कर्ज मिळाले असावे, असे मी समजत असे. एकच शब्द मंजुरी आणि निर्बंध असे दोन्ही अर्थ वागवतो, हे मला वयाच्या चाळिशीत कळले. 'ओव्हरसाइट'चेही तेच आहे. देखरेखही तीच आणि नजरचूकही तीच.

निवृत्त_गुरुजी (मंगळवार, सकाळी ११.००)

वसुलीवाले, तुमचा टँकर मला मान्य आहे. फोड ही अंदाजाची काठी आहे आणि अंदाज बांधल्यावर कोश उघडायचा असतो, ही दुसरी पायरी सांगायची राहिली.

खट्याळ_खारूताई (मंगळवार, दुपारी १२.१५)

कोणता कोश उघडायचा, यावरही बोलावे. आमच्या महाविद्यालयात एका बाईंनी इंग्रजी-मराठी कोश वर्गात आणायलाच बंदी घातली होती; इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच समजून घ्यायचा, असा त्यांचा दंडक होता. 'कोरिअँडर' पाहिला तर लिहिलेले, सुगंधी पानांची एक वनस्पती, जिचा मसाल्यात उपयोग होतो. स्वयंपाकघरातल्या निम्म्या वस्तूंना ही व्याख्या लागू पडते! मराठी कोशात 'कोथिंबीर, धने' हे दोन शब्द वाचले असते, तर एका क्षणात काम झाले असते. मेथी, नाचणी, हळद, फणस यांच्यासाठी इंग्रजी व्याख्या वाचत बसणे म्हणजे घरच्या माणसाची ओळख आधारकार्ड पाहून करून घेण्यासारखे आहे.

बे_एरिया_बंडू (मंगळवार, दुपारी १२.५०)

त्यातही इथे पानांना 'सिलँट्रो' म्हणतात आणि 'कोरिअँडर' म्हणजे फक्त धने. भाजीवाल्याकडे मी कोथिंबीर मागितली आणि धने घेऊन घरी आलो, असे दोनदा झाले आहे.

लेखनिक (मंगळवार, दुपारी २.३०)

खारूताई, माझ्या अनुभवाने याचे उत्तर शब्दागणिक बदलते. हाताने दाखवता येईल अशी वस्तू असेल, तर मराठी प्रतिशब्दासारखे दुसरे औषध नाही. पण 'रिस्पॉन्सिबिलिटी' आणि 'अकाउंटेबिलिटी' या दोघांनाही मराठी कोश 'जबाबदारी' म्हणतो आणि तिथे तो हात टेकतो. काम करण्याची जबाबदारी वेगळी आणि ते झाले नाही तर जाब देण्याची वेगळी. अशा जोडीसाठी इंग्रजी व्याख्या आणि चार वाक्ये वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

विद्यार्थ्यांसाठी केलेले इंग्रजी कोश यासाठीच निघाले. जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली बर्मिंगहॅममध्ये १९८७ साली जो कोश तयार झाला, त्यात प्रत्येक अर्थ संपूर्ण वाक्यात सांगितला आहे. अमुक गोष्टीने तमुक त्रास 'कॉज' केला म्हणजे काय झाले, अशा थाटात. त्यामुळे शब्दाबरोबर त्याची शेजारीपाजारी मंडळीही आपोआप भेटतात.

आणखी एक उलटा मार्ग आहे, जो मी स्वतः वापरतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. तो साहेबांना मराठी यावी म्हणून केलेला, पण आपण तो उलट्या दिशेने वाचावा. एखादे नेहमीचे मराठी क्रियापद काढावे आणि त्याच्याखाली दिलेल्या निरनिराळ्या प्रयोगांना त्या माणसाने कोणकोणते इंग्रजी शब्द दिले आहेत ते पाहावे. इंग्रजी जुने आहे, काही शब्द आता वापरातून गेले आहेत, तरीही एका मराठी शब्दाला किती वाटा फुटतात ते इतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

चाफेकळी (मंगळवार, सायंकाळी ५.१०)

विषय निघालाच आहे तर विचारते, 'अबोला' याला इंग्रजीत काय म्हणावे? रुसणे, फुगणे आणि अबोला धरणे या आमच्या घरी तीन स्वतंत्र अवस्था आहेत आणि कोश तिन्हींना 'सल्क' म्हणून मोकळा होतो.

सातारी_तडका (मंगळवार, सायंकाळी ५.२५)

आमच्या घरी चौथी अवस्था भांड्यांच्या आवाजाची आहे. तिला कोणत्याच भाषेत शब्द नाही, आवाज पुरतो.

लेखनिक (मंगळवार, सायंकाळी ६.००)

अबोल्यासाठी 'नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स' चालेल, पण त्यात दुरावा अधिक आहे आणि लाडिकपणा मुळीच नाही. 'सल्क' करणारा तोंड फुगवून बसतो. कोणी समजूत काढावी ही त्याची अपेक्षा त्या शब्दात येत नाही. रुसण्याला रुसवा काढणारा लागतो, ही अट इंग्रजीत कुठेच लिहिलेली नाही. आता मूळ प्रश्नाकडे वळावे, ही विनंती.

उंबरठा (मंगळवार, रात्री ८.४०)

मी दोन मुलांची आई आहे आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नोकरीला लागले, तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढे होता. सगळ्यांनी शब्द कसा ओळखावा ते सांगितले, पण तो लक्षात कसा ठेवावा, हे राहून गेले.

वहीचा मोठा दोष हा की ती नेहमी पहिल्या पानावर उघडते. 'ए'पासूनचे शब्द दहादा वाचून होतात आणि शेवटची पाने कोरी करकरीत राहतात. मी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचे चार-चार तुकडे केले. कोऱ्या बाजूला एक मराठी वाक्य लिहिले आणि छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवून तेच वाक्य इंग्रजीत लिहिले. सुटा शब्द कुठेही लिहिला नाही. मग बुटांच्या खोक्यात पाच कप्पे केले. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते आणि तो कप्पा मी रोज पाहते. वाक्य बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते. तो दोन दिवसांनी, त्यापुढचा आठवड्याने, मग पंधरवड्याने, मग महिन्याने. चुकले की कार्ड निमूटपणे पहिल्या कप्प्यात परत.

ही युक्ती माझी नाही. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने ती १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. त्यामागचे मूळ निरीक्षण एबिंगहाउस यांचे, १८८५ सालचे. शिकलेले सुरुवातीला फार वेगाने विसरते, म्हणून विसरण्याच्या बेतात असताना पुन्हा आठवायला लावले की ते अधिक टिकते. आता मोबाइलवर हेच काम करणारी 'आंकी'सारखी साधने आहेत. मला मात्र कार्डेच बरी वाटतात. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' या ओळीवर कागद चिकटवताना ते लग्न कोणाचे होते ते आठवते आणि त्यामुळे शब्दही आठवतो. 'रिलक्टंट' हा शब्द माझ्या नणंदेच्या लग्नपत्रिकेवर आहे आणि तो मी जन्मात विसरणार नाही.

अभ्यासू_बोका (मंगळवार, रात्री ९.३०)

उंबरठाताई, दिवसाला किती कार्डे करता?

उंबरठा (मंगळवार, रात्री ९.४२)

पाच. पूर्वी वीस करीत होते, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात जुन्या कार्डांचा एवढा ढीग साठला की खोकेच उघडावेसे वाटेना.

आडवाटेने (बुधवार, सकाळी ८.१५)

उच्चारांविषयी थोडेसे. देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्याची आपली पद्धत सोयीची आहे. 'डेट' म्हणजे कर्ज यातला मूक 'बी' त्यामुळे तोंडात येत नाही. तो 'बी' मुळात फ्रेंचमधून येताना नव्हताच. पुढे लॅटिन 'डेबिटम'च्या आदराखातर विद्वानांनी तो लेखनात घुसडला. पण देवनागरी आघात दाखवत नाही. 'रेकॉर्ड' हे नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मराठीत आघाताने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानाला तो फरक ऐकूच येत नाही. ज्या शब्दावर जोर बदलतो, तिथे मी त्या अक्षराखाली रेघ मारतो.

शब्दवेडी (बुधवार, सकाळी १०.३०)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री 'डाउट'चे पान खोडले आणि लेखनिक यांनी सांगितल्याप्रमाणे त्याची संगत शोधायला बसले, तेव्हा स्वतःचाच राग आला. 'बेनिफिट ऑफ द डाउट' हे मी लहानपणापासून क्रिकेटच्या समालोचनात ऐकत आले आहे आणि मराठी समालोचक त्याला 'संशयाचा फायदा' म्हणत आले आहेत. 'बियाँड रीझनेबल डाउट' न्यायालयाच्या बातम्यांत येते, तेही संशयाच्याच अर्थाने. म्हणजे 'डाउट' कोणाबरोबर राहतो ते मला ठाऊक होते. फक्त ते वहीत उतरले नव्हते. आता प्रश्न एवढाच की वर्गातल्या शंकेला इंग्रजीत काय म्हणायचे? 'क्वेरी' की 'क्लॅरिफिकेशन'?

लेखनिक (बुधवार, सकाळी ११.०५)

बहुतेक वेळा साधा 'क्वेश्चन' पुरतो, पण तो आपल्याला फार किरकोळ वाटतो म्हणून आपण वापरत नाही. आपले इंग्रजी कचेरीतल्या पत्रांतून आले. 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिणाऱ्या हाताला 'डू द नीडफुल' आणि 'काइंडली रिव्हर्ट' जवळचे वाटतात. 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीला जाणे. उत्तर देणे या अर्थाने तो भारताबाहेर अनेकांना कळत नाही. 'क्लॅरिफिकेशन' 'सीक' करावे किंवा 'आस्क फॉर' करावे आणि 'क्वेरी' 'रेज' करावी. दोन्ही थोडे औपचारिक आहेत. आराखड्यासाठी 'आय हॅव टू क्वेश्चन्स अबाउट द ड्रॉइंग' लिहावे आणि दोन प्रश्न क्रमांक घालून विचारावेत.

शब्दवेडी (गुरुवार, दुपारी ४.२०)

तसेच लिहून पाठवले. अर्ध्या तासात अगदी मृदू उत्तर आले. माझा दुसरा प्रश्न रास्त असल्याचे आणि एका छिद्राच्या व्यासाचे माप आराखड्यात खरोखरच चुकल्याचे त्यांनी कळवले आहे. सुधारित आराखडा उद्या येईल.

सातारी_तडका (गुरुवार, दुपारी ४.३१)

म्हणजे आराखड्यावर तुमचा 'डाउट'च होता आणि तो इंग्रजी अर्थानेही बरोबर निघाला. ते खोडलेले पान परत लिहून ठेवा.